पुण्यातल्या सहकारनगरमधलं जुनं बैठं घर: वर मजला चढवायचा की मागे वाढवायचं?

मेघना_प
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय, कारण दिवाळीनंतर काम काढायचं असं घरात ठरत आलंय. आजेसासऱ्यांनी १९६६ मध्ये बांधलेलं बैठं घर आहे, सोसायटीचा प्लॉट, साधारण ३००० स्क्वेअर फूट, त्यात बांधकाम ११०० च्या आसपास. कॉलम नाहीत, सगळं लोड बेअरिंग म्हणजे स्लॅबचं वजन भिंतींवरच, बाहेरच्या भिंती चौदा इंची, आतल्या नऊ इंची, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. माणसं सहा: सासूबाई-सासरे (दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढे), आम्ही दोघं, मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. ह्यांचं आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम असतं, मीटिंग सुरू झाली की हॉलमध्ये सगळ्यांनी गप्प बसायचं. संडास-बाथरूम मागच्या पॅसेजला आणि मध्ये दोन पायऱ्या, सासूबाईंचे गुडघे गेलेत, रात्री उठल्या की मला जाग येतेच.
कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, भिंती किल्ल्यासारख्या आहेत, वर एक मजला आरामात चढेल. मागे वीसेक फूट जागा आहे पण तिथे आंबा आहे आणि ड्रेनेजचं चेंबर. बिल्डरला द्यायचं नाहीये, हे आधीच सांगते. काय करावं?

कोथरूडकर
वरच चढवा. अंगण राहतं, मुलांना वेगळा मजला मिळतो. आमच्या गल्लीत तिघांनी चढवलाय.

जोतं_ते_गच्ची
कोथरूडकर, त्या तीन घरांत कॉलम होते का ते विचारा. मी स्ट्रक्चरचं काम करतो आणि मेघनाताई, तुम्हाला कळकळीने सांगतो, भिंतीची जाडी बघून कोणीही मजल्याला हो म्हणू नये. हिशोब बघा. दहा फूट उंचीच्या नऊ इंची विटेच्या भिंतीचं वजन एका रनिंग फुटाला साधारण चारशे किलो. पाच इंची स्लॅब स्क्वेअर फुटाला तीस किलोच्या जवळ, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीचा नुसता स्लॅबच साडेतीन टन, त्यावर फरशी, कोबा, सामान, माणसं वेगळी. हे सगळं जाणार तुमच्या दगडी पायावर, आणि तो पाया एका मजल्यापुरताच घेतलाय की पुढचा विचार करून, हे खड्डा घेऊन बघितल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. दुसरं म्हणजे घर कोयनेच्या भूकंपाच्या (डिसेंबर १९६७) आधीचं आहे. विटांच्या घरात जोत्याला, लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या वर) आणि स्लॅबखाली काँक्रीटचे सलग पट्टे असावे लागतात, जुन्या घरांत ते बहुतेक नसतात. मजला वाढला की आडवा धक्का घ्यायची गरज वाढते आणि ती ताकद नेमकी तिथेच कमी असते.
आधी स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तपासणी करून घ्या. तो स्लॅबवर रिबाउंड हॅमर मारून काँक्रीटची ताकद अंदाजेल, शंका असेल तर अल्ट्रासोनिक टेस्ट (ध्वनिलहरींनी आतलं काँक्रीट तपासणं) सांगेल, एकदोन ठिकाणी गिलावा काढून विटा आणि सळई बघेल, पायाशी खड्डा घेईल. जो इंजिनियर खड्डा न घेता सर्टिफिकेट देतो त्याला नमस्कार करून बाहेर पाठवा.
माझं मत मागे वाढवायचं. नवीन भाग स्वतःच्या कॉलमवर, फुटिंग (कॉलमचा पाया) कडक मुरुमापर्यंत नेलेलं, जुन्या भिंतीला न बांधता मध्ये दीड-दोन इंचांचा जॉइंट सोडून. नवीन बांधकाम सुरुवातीला थोडं बसतं, जुनं बसायचं तेवढं बसून झालेलं असतं, दोन्ही एकत्र जखडलेत तर सांध्यावर तडा जाणारच. जुन्या पायालगत लांबलचक चर एकदम उकरू देऊ नका, तुकड्या तुकड्याने खणायला सांगा. आणि गच्चीवर त्या जॉइंटला दोन्ही बाजूंनी उंचवटा करून वरून टोपी घालायची, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत.

आर्या_कर्वेनगर
वरच्या पोस्टला पूर्ण अनुमोदन. फक्त एक गोष्ट कोणी बोलत नाही: मागे खोल्या काढल्या की आत्ता ज्या खोल्यांना मागची खिडकी आहे त्या मध्ये अडकतात. आमच्या घरात स्वयंपाकघर असं मध्ये आलं असतं, आर्किटेक्टबाईंनी जुनं आणि नवीन यांच्यात पाच बाय आठचा उघडा चौक ठेवायला लावला. सासरे म्हणाले चाळीस फूट जागा वाया, पण आज दुपारी बारा वाजता ओट्यावर लाइट न लावता मोहरी निवडता येते, फोडणीचा धूर वर निघून जातो, आणि कपडे वाळत घालायला आडोसा मिळाला तो वेगळाच. तुमचा आंबा त्या चौकाला लागून राहू शकेल का बघा, तोडायचा विचार करू नका.
आणि आजी-आजोबांची खोली नवीन भागात नको, जुन्या घरातच पुढच्या बाजूला हॉलशेजारी द्या. त्यांना कोण आलं कोण गेलं दिसायला हवं असतं. त्या खोलीला लागून बाथरूम काढा, दार तीन फुटी, उंबरा नाही, फरशी खरखरीत, कमोडशेजारी धरायला दांडा, आणि तो दांडा टाइलवर नाही तर भिंतीत पक्का. ऑफिसची खोली मागे जाऊ दे, त्यांना शांतताच हवीये.

मेघना_प
आर्याताई, चौकाचं डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार! हॉल आणि शेजारच्या खोलीतली भिंत काढून एकच मोठा हॉल करायचं चाललं होतं, ते जमेल का? आणि चेंबरचं काय करू?

जोतं_ते_गच्ची
भिंत पूर्ण काढू नका, ती स्लॅब पेलतेय. सहा-सात फुटांचं ओपनिंग करा. आधी दोन्ही बाजूंनी टेकू, मग वर लोखंडी आय सेक्शन (I आकाराचा बीम) घालून, मग भिंत फोडायची, ह्याच क्रमाने, आणि बीमच्या दोन्ही टोकांखाली वजन पसरवायला काँक्रीटचा ठोकळा (बेडब्लॉक). डिझाइन इंजिनियरनेच द्यायचं, गवंड्याच्या अंदाजावर नाही.
चेंबर खोलीखाली घेऊ नका. लाइन फिरवून चौकात किंवा बाजूच्या मार्जिनमध्ये (हद्दीलगत मोकळी सोडायची जागा) आणा, तुंबलं तर झाकण उघडता आलं पाहिजे.

पेठेतला
कागदांचं लिहितो. सोसायटीचा प्लॉट आहे तर लीज डीड (भाडेपट्ट्याचा करार) बघा आणि सोसायटीची एनओसी आधी घ्या. मूळ मंजूर नकाशा घरात नसेल तर महापालिकेत माहिती अधिकारात अर्ज करा, कारण मध्ये कोणी पत्र्याची खोली, संडास असं काही वाढवलं असेल तर ते आत्ताच उघड झालेलं बरं. एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) तुम्हाला अडचणीचा नाही, राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत बेसिक १.१ धरला तरी ३३०० स्क्वेअर फूट होतात. अडवते ती मार्जिन. मागे वीस फूट दिसतात, पण सगळे वापरता येत नाहीत, ते आर्किटेक्टकडून मोजून घ्या. आंब्याची मोठी फांदी जरी काढायची असली तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. काम झाल्यावर महापालिकेचं भोगवटा पत्र (राहायला परवानगीचा दाखला) घ्याच, आणि मिळकतकराची नवी आकारणी झाली की स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत बिलात लागलीये का तपासा.
तुम्ही आंबील ओढ्याच्या किती जवळ? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तुमच्या भागात पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा आणि नवीन भागाचं जोतं त्यावर ठरवा.

मेघना_प
ओढ्यापासून लांब आहोत, चढावर, त्या रात्री आमच्याकडे पाणी नव्हतं. पण जोतं जुन्या फरशीच्या लेव्हललाच ठेवायला सांगते, सासूबाईंना पायरी नको.

आर्या_कर्वेनगर
लेव्हल तयार फरशीची मोजा हं, काँक्रीटची नाही. नवीन टाइल आणि खालचा माल मिळून दोन-अडीच इंच वाढतात आणि नेमकी तेवढीच ठेच लागते. आणि मुलीची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत जुन्या घरातली तोडफोड काढू नका. मागचं काम दिवाळीनंतर सुरू करा, मधली भिंत मार्चनंतर.

मेघना_प
हो, हे बरोबर आहे. शनिवारी इंजिनियर खड्डा घ्यायला येतायत, पाया किती खोल निघाला ते इथेच टाकते.