२००८ ची सँट्रो झिंग: टायमिंग बेल्ट तुटल्यावर नुसता नवा बेल्ट घालून पाहावा की हेड उतरवावे?

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार. आमच्या घरी २००८ सालची सँट्रो झिंग आहे, १.१ लिटर पेट्रोल इंजिनाची. गेल्या आठवड्यात साताऱ्याहून येताना उंब्रजच्या अलीकडे चालत्या गाडीत इंजिन एकाएकी बंद पडले. आधी कसलाही आवाज नव्हता, धूर नव्हता, तापमानाचा काटाही जागेवर होता. गाडी डाव्या कडेला घेऊन सेल्फ मारला, तर इंजिन नेहमीपेक्षा हलके आणि भराभर, एकसुरी आवाजात फिरत होते, पण पेट घेत नव्हते. जवळच्या मेकॅनिकने आधी चार-पाच वेळा सेल्फ मारला, मग दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारून पाहिले आणि शेवटी वरचे प्लास्टिकचे कव्हर काढले, तेव्हा टायमिंग बेल्ट तुटून खाली गोळा झालेला दिसला.

गाडी जेमतेम ६२ हजार किलोमीटर चालली आहे. वडील ती गावातल्या गावात वापरतात आणि आमच्या माहितीप्रमाणे बेल्ट मुळातलाच आहे. नोंदणीचे नूतनीकरण २०२३ मध्ये झाले असून ते २०२८ पर्यंत वैध आहे. एक मेकॅनिक म्हणतो की नवा बेल्ट घातला की गाडी सुरू होईल. दुसऱ्या गॅरेजचे म्हणणे आहे की इंजिन गेलेच, सेकंडहँड इंजिन बसवून घ्या. दोघांपैकी कोणीही इंजिन तपासलेले नाही. खर्च ठरवण्याआधी नेमके काय तपासून घ्यावे आणि कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

यंत्रशाळा (पुणे)

सर्वांत आधी एक काम करा: गाडीची किल्ली स्वतःजवळ ठेवा आणि निदान होईपर्यंत कोणालाही सेल्फ मारू देऊ नका. गाडी हलवायची असेल तर न्यूट्रलमध्येच ओढून न्या, कारण गिअरमध्ये चाके फिरली की क्रँक (पिस्टनना जोडलेला मुख्य दांडा) फिरतो, आणि बेल्ट तुटलेल्या इंजिनात क्रँकचा प्रत्येक फेरा नुकसान वाढवू शकतो. इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि पॅडल दगडासारखे कडक लागते. म्हणून दोरीने ओढण्यापेक्षा गाडी टेम्पोवर चढवलेली बरी.

आता दोन्ही मतांविषयी. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, म्हणजे कॅमचा) एक होतो, आणि हा मेळ केवळ त्या दातेरी रबरी पट्ट्यावर टिकून असतो. पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, म्हणजे काही वॉल्व्ह उघडेच राहतात. क्रँक मात्र गाडीच्या वेगामुळे आणखी काही फेरे घेतो. ज्या इंजिनात उघडा वॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येतात, तिथे पिस्टन वॉल्व्हवर आदळून त्याची दांडी वाकवतो. आपले १.१ लिटरचे इंजिन या प्रकारातले आहे. त्यात प्रत्येक सिलिंडरला दोन इनटेक आणि एक एक्झॉस्ट असे एकूण बारा वॉल्व्ह आहेत. त्यामुळे ‘बेल्ट घाला, सुरू होईल’ हे गृहीत धरता येणार नाही. उलट ‘इंजिनच गेले’ हेही तपासणीशिवाय म्हणता येत नाही, कारण पुष्कळदा नुकसान हेडपुरतेच (इंजिनाच्या वरच्या, वॉल्व्ह असलेल्या भागापुरतेच) असते आणि पिस्टन व ब्लॉक शाबूत राहतात.

हेड न उतरवता आणि नवा बेल्ट न घालताही बरेच काही कळते. चारही स्पार्क प्लग काढायला सांगा. क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक हळूहळू, हाताने, चारही पिस्टन सिलिंडरच्या मध्यावर येतील असा फिरवायचा. चार सिलिंडरच्या इंजिनात हे एकाच वेळी जमते आणि प्लगच्या भोकातून पातळ सळी सोडून त्याची खात्रीही करता येते. फिरवताना कुठे अडल्यासारखे वाटले तर जोर न लावता थांबावे. पिस्टन मध्यावर आले की कॅम कसाही फिरवला तरी वॉल्व्ह कशालाही लागत नाही. मग एकेका सिलिंडरचे सर्व वॉल्व्ह मिटतील असा कॅम ठेवून प्लगच्या भोकातून काँप्रेसरची हवा सोडायची. गाडी तेव्हा गिअरमध्ये आणि हँडब्रेकवर असू द्यावी, नाहीतर हवेच्या दाबाने क्रँक फिरेल.

हवेचा फुसफुसाट कुठून येतो ते कान देऊन ऐकावे. थ्रॉटलमधून आला तर इनटेक वॉल्व्ह वाकला आहे, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, आणि तेल भरण्याच्या तोंडातून जोरात आला तर पिस्टन किंवा रिंग यांच्यात दोष आहे. थोडी हवा तिथून नेहमीच येते, तिची चिंता नको. गॅरेजकडे बोअरस्कोप कॅमेरा असेल तर पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे ताजे, चकचकीत व्रण आहेत का तेही पाहून घ्या. तासाभराचे काम आहे. सेकंडहँड इंजिनाचा सल्ला देणाऱ्याने हे काम आधी करायला हवे होते.

घाटमाथा

पहिला मेकॅनिक खोटे बोलत असेल असे नाही. सगळीच इंजिने वॉल्व्ह वाकवत नाहीत. जुन्या फियाट पालिओच्या १.२ लिटर, आठ वॉल्व्हच्या इंजिनात वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना लागत नाहीत, त्यामुळे बेल्ट तुटला तरी खुणा जुळवून नवा घातला की ते इंजिन सुरू होते. ज्याच्या हाताखालून अशी इंजिने गेली आहेत त्याला तसेच वाटणार, पण तो अनुभव सँट्रोला लागू पडत नाही. आणखी एक गोष्ट: नेहमीच्या वाहनविम्यात यांत्रिक बिघाड धरलेला नसतो, तेव्हा त्या मार्गाने दुरुस्तीची भरपाई मिळण्याची आशा ठेवू नये. पॉलिसीत रस्त्यावरील मदतीची जोड घेतली असेल तर निदान गाडी उचलून नेण्याचा खर्च वाचेल.

कृष्णाकाठ (कराड)

यंत्रशाळा यांनी सांगितल्याप्रमाणे काल आम्ही समोर उभे राहून तपासणी करून घेतली. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये हवा सोडताच थ्रॉटलमधून स्पष्ट फुसफुसाट आला, आणि तिसऱ्यात सायलेन्सरमधूनही आला. पहिल्या व चौथ्यात तसे काही ऐकू आले नाही. तेल भरण्याच्या तोंडाशी चारही वेळा हवा नावापुरतीच होती. तुटलेला बेल्ट जपून ठेवला आहे. तो तुटल्या जागी सरळ फाटलेला आहे, दात बहुतेक शाबूत आहेत, पण त्याची एक कड इंजिनच्या बाजूने ओलसर, काळी आणि फुगल्यासारखी झाली आहे. हेड उतरवायचे हे आता नक्की झाले. ते काम करून घेताना कशाकडे लक्ष द्यावे?

लेथवाला (उद्यमनगर, कोल्हापूर)

आमच्याकडे अशी हेड नेहमी येतात, म्हणून सविस्तर लिहितो. हेड उतरवताना इंजिन पूर्ण थंड असावे आणि बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करून ढिले करावेत. एका बाजूचे सगळे आधी सोडले तर ॲल्युमिनियमचे हेड पीळ खाते. हेड आमच्यासारख्यांकडे पाठवताना कॅमशाफ्ट, रॉकर (वॉल्व्ह दाबणारे हात) आणि जुने हेडबोल्ट सोबत द्यावेत, म्हणजे सगळेच तपासून होते.

हवा फक्त दोन सिलिंडरांत गळली म्हणून फक्त तेवढेच वॉल्व्ह बदलू नयेत. अगदी थोडा वाकलेला वॉल्व्ह सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो, पण उघडमिटीत रोज तोच तो ताण सोसून त्याचे डोके काही महिन्यांनी तुटून सिलिंडरमध्ये पडू शकते, आणि मग पिस्टन, ब्लॉक, हेड असे सगळेच जाते. त्यामुळे बाराही वॉल्व्ह काढून प्रत्येकाची दांडी व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेजने पाहावी. गेजचा काटा हलला तो वॉल्व्ह बाद. वाकलेला वॉल्व्ह ठोकून सरळ करून देतो असे कोणी म्हणाले तर तिथे काम देऊ नका. वॉल्व्ह वाकला की त्याच्या गाईडलाही (दांडी ज्या नळीत सरकते तिलाही) धक्का बसलेला असतो, म्हणून नवा वॉल्व्ह गाईडमध्ये घालून तो बाजूला हलतो का, हे बोटांनी नीट पाहावे. वॉल्व्हची ऑइल सील सगळीच नवी घालावीत. एवढे उघडल्यावर जुनी ठेवण्यात काहीच वाचत नाही.

लॅपिंग (वॉल्व्ह त्याच्या बैठकीवर घासून नीट बसवणे) झाल्यावर आमची साधी चाचणी अशी असते. हेड उलटे ठेवायचे, वॉल्व्ह आणि स्प्रिंगा बसवलेल्या, प्लगही लावलेले, आणि ज्वलनकक्षाच्या चारही वाट्यांत केरोसिन ओतायचे. नंतर इनटेक व एक्झॉस्टच्या तोंडात बोट फिरवून पाहायचे. बोट कोरडे राहिले पाहिजे. ओले लागले तर तो वॉल्व्ह पुन्हा लॅपिंगला घ्यायचा. गाडीमालकाने हे स्वतः उभे राहून पाहावे. कोणताही प्रामाणिक लेथवाला ते आनंदाने दाखवतो.

हेडच्या तोंडावर सरळपट्टी ठेवून फीलर गेजने पीळ तपासावा आणि गरज असेल तरच, तेही लागेल तेवढेच फेसिंग करावे, म्हणजे तोंड घासून सपाट करावे. तोंड जास्त उतरले तर वॉल्व्ह पिस्टनच्या आणखी जवळ येतात. नवे हेड गॅस्केट बसवण्यापूर्वी ब्लॉकवरच्या बोल्टांच्या भोकांतले पाणी आणि तेल हवेने उडवून काढावे. भोकात द्रव राहिला तर बोल्ट आवळताना त्याच्या दाबाने ब्लॉक तडकू शकतो. बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेतील क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच आवळावेत, हाताच्या अंदाजाने नव्हे.

यंत्रशाळा (पुणे)

बेल्टची ओलसर, फुगलेली कड फार महत्त्वाची आहे. तेलाने रबर फुगते आणि मऊ होते, आणि ते तेल कॅमशाफ्टच्या किंवा क्रँकच्या पुढच्या ऑइल सीलमधून येत असणार. दोन्ही सील नवी घातल्याशिवाय नवा बेल्ट चढवू देऊ नका, नाहीतर तोही त्याच वाटेने जाईल. त्याचबरोबर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) नवा घ्या. जुन्याचे बेअरिंग हातात फिरवून खरखरले नाही तरी तो अठरा वर्षांच्या आसपासचाच आहे.

६२ हजार किलोमीटर हा आकडा फसवा आहे. बेल्टसाठी किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा असतात, त्यांतली जी आधी येईल ती लागू होते, आणि बहुतेक बेल्टांची वयोमर्यादा पाच-सहा वर्षांच्या आसपास धरली जाते. टोयोटाच्या जुन्या डिझेल इनोव्हात बेल्ट बदलण्याची आठवण करून देणारा दिवा होता. सँट्रोसारख्या गाड्यांत तशी काही सोय नाही, म्हणून कमी चालणाऱ्या घरगुती गाड्यांचा बेल्ट विस्मरणात जातो.

नवा बेल्ट पिळू किंवा दुमडू नये, त्यातले काचतंतू तुटतात. खुणा जुळवून टेन्शनर आवळल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तंतोतंत जुळतात का ते पाहावे, आणि तोवर सेल्फ मारू नये. त्यानंतर टॅपेटचे (रॉकर आणि वॉल्व्ह यांच्यातले) अंतर लावावे, कूलंट नवे भरावे आणि इंजिन ऑइल व फिल्टरही बदलावे, कारण हेड उतरवताना थोडे पाणी तेलात उतरतेच.

सेकंडहँड इंजिनाचा विचार आपण सोडला हे बरे झाले. इंजिन बदलले की त्याचा नवा क्रमांक आरटीओकडून आरसीवर चढवून घ्यावा लागतो, आणि आलेल्या इंजिनाचा बेल्ट किती जुना आहे हे तरी कोण सांगणार?

कृष्णाकाठ (कराड)

मनापासून आभार. हेड सोमवारी कोल्हापूरला पाठवत आहोत. केरोसिनच्या चाचणीच्या वेळी वडील स्वतः तिथे थांबणार आहेत. दोन्ही ऑइल सील, टेन्शनर, बेल्ट आणि गॅस्केट यांची मागणी नोंदवली आहे. एकच शंका उरली आहे: गाडी सुरू झाल्यावर हेडबोल्ट पुन्हा आवळावे लागतात का?

लेथवाला (उद्यमनगर, कोल्हापूर)

ते त्या इंजिनाची पुस्तिका आणि गॅस्केटच्या पाकिटावरची सूचना यांवर ठरते, सरसकट आवळू नयेत. पहिल्या दोन-तीन दिवसांत मात्र गाडी पूर्ण थंड असताना, सकाळी, रेडिएटरचे झाकण उघडून कूलंटची पातळी पाहा आणि तेलाची डिपस्टिक काढून तेल पांढुरके झाले नाही ना, ते पाहा. पातळी उतरत असेल तर गाडी घाटात नेण्याआधी इकडे कळवा.