व्हेंटिलेटरवरील बालरुग्णाची गुंगी कशी मोजावी?

प्रश्न (परिचारिका, धुळे): मिडाझोलाम (गुंगीचे औषध) आणि फेंटानिल (तीव्र वेदनाशामक) चालू असलेल्या बाळाची गुंगी आमच्याकडे प्रत्येक पाळीत वेगळ्याच शब्दांत नोंदवली जाते. केवळ नाडी व रक्तदाबावरून अंदाज बांधणे पुरेसे आहे का?

उत्तर (बालरोगतज्ज्ञ, जळगाव): नाही, ताई, ताप, रक्तस्राव किंवा इतर औषधांमुळेही नाडी बदलते. बाळाच्या वागण्यावरून गुंगी मोजणारी कम्फर्ट-बी मापनपट्टी वापरावी. दोन मिनिटे बाळाजवळ थांबून सजगता, शांतता, श्वसनाचा प्रतिसाद, हालचाल, स्नायूंचा ताण आणि चेहऱ्यावरील ताण यांना प्रत्येकी १ ते ५ गुण द्यावेत. बेरीज १० किंवा कमी आली तर गुंगी बहुधा जास्त, २३ किंवा अधिक आली तर अपुरी. मधल्या गुणांत मात्र अनुभवी नजरच कामी येते.

उत्तर (परिचारिका, नंदुरबार): सक्शननंतर (नळीने श्वासमार्गातील स्राव ओढून काढल्यावर) लगेच गुण देऊ नयेत. साक्रीकडच्या एका मुलाने आमच्या हाकेला दाद दिली नव्हती, पण आईने अहिराणीत हाक मारताच त्याची पापणी हलली. म्हणून आईला जवळ बोलवावे.

उत्तर (भूलतज्ज्ञ, भुसावळ): स्नायू शिथिल करणारे औषध चालू असल्यास या पट्टीवर विसंबू नये, कारण हालचाल नसलेले मूल पूर्ण जागेही असू शकते. शिवाय मिडाझोलाम व फेंटानिल ही औषधे पाच दिवसांहून अधिक चालली असल्यास ती एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने उतरवावीत.