मुरुतांचं देज : आपण नाक मुरडायचं का?

सांगलीकर_परदेशी
कामानिमित्त दोन वर्षं कोटा किनाबालूत आहे (साबा राज्य, मलेशिया, म्हणजे बोर्निओ बेट). आमचा ड्रायव्हर मुरुत, म्हणजे इथल्या एका आदिवासी जमातीतला, तेनोमच्या डोंगराळ भागातला. त्याच्या चुलतभावाच्या लग्नाला जाऊन आलो. ओसरीवर जुने चिनी रांजण मांडलेले, आत तापाई. तापाई म्हणजे तांदळाची किंवा कसाव्याची दारू. रांजणाच्या तोंडावर आडवी काडी, तिच्यावर खालच्या बाजूला खूण. खूण उघडी पडेस्तोवर नळीने ओढायची. पडली की कुणीतरी हसत वरून पाणी ओततो आणि पुढच्याला हाक मारतो. मी दुसऱ्या खुणेलाच आडवा.

पण मुद्दा देजाचा. नवऱ्याकडून मुलीच्या घरी रांजण, गाँग, कापड, म्हैस असं जातं, तेही एका दमात नाही, वर्षानुवर्षं. बापाचं राहिलं तर मुलगा देतो. ड्रायव्हरच्या आईचं देज अजून बाकी आहे. म्हटलं, मग देऊन टाक ना बाबा. तर म्हणाला, "देऊन टाकलं तर मामाकडे जायला निमित्त काय उरलं?"

हुंडा घेणाऱ्या आपल्या समाजाने याला मागासलेलं म्हणू नये, एवढंच माझं मत.

अनघा_क
निमित्त गोड आहे. पण सांगितलं कुणी? ड्रायव्हरने. नवरीला विचारलंत? जिच्यापोटी बाकी राहिली आहे तिला उद्या नवरा नकोसा झाला तर हिशोब कोण मांडणार, आणि कुणाच्या बाजूने? हुंडा वाईट आहे म्हणून देज आपोआप चांगलं ठरत नाही.

आणि याच मुरुतांत एकेकाळी शत्रूचं एक तरी मुंडकं आणल्याशिवाय मुलगी मिळत नसे. ती प्रथा गेली, त्याने मुरुत संपले का?

जुना_पाना
अनघाताई, मुंडक्यांचं उदाहरण काढलंत ते बरं केलंत. साबातल्या जमातींत ही प्रथा सगळ्यात शेवटी सोडली ती मुरुतांनी. पण तेव्हा 'सुधारा' म्हणून सांगणारे कोण होते तेही बघा. साबावर ब्रिटिशांच्या नॉर्थ बोर्निओ कंपनीचं राज्य होतं, आणि तिने कर बसवले, वाटा बांधायला माणसं राबवली. १९१५ साली ओंतोरोस अंतानोम या मुरुत पुढाऱ्याने रुंदुमला बंड केलं, त्यातच तो मारला गेला. आज तेनोममध्ये त्याचा पुतळा आहे.

रांजणालाही नुसतं भांडं समजू नका. त्यात आत्मे वसतात अशी समजूत. पूर्वी मोठ्या रांजणात प्रेत ठेवून पुरत. म्हणजे लग्नात जे देतात त्यातच शेवटी माणूस जायचा. याचं रुपयांत मोल कसं करणार?

शिवाय केनिंगाऊला १९६४ साली शपथेचा दगड उभारला आहे. साबाच्या आतल्या भागातल्या लोकांनी मलेशियाशी एकनिष्ठ राहायचं, बदल्यात धर्माचं स्वातंत्र्य मिळणार आणि सरकार त्यांच्या चालीरीतींचा मान राखणार. तिथे स्थानिक रिवाजांची न्यायालयं आजही चालतात.

अनघा_क
दगडावर सरकारने मान राखायचा असं आहे. मुरुत बाईने रिवाजाविरुद्ध ब्र काढायचा नाही, असं कुठे कोरलंय? बाहेरच्याने सांगू नये हे मान्य. पण मग बाहेरच्याने आरतीही ओवाळू नये.

शंकासुर
थोडं अवांतर. शेजारच्या सारावाक राज्यात ज्यांना पूर्वी मुरुत म्हणत ते लुन बावांग, वेगळे लोक. गल्लत नको. बाकी ते उड्यांचं नाचघर पाहिलंत का? लान्सारान?

सांगलीकर_परदेशी
पाहिलं की! मधली जमीन लाकडांवर अशी बसवलेली की सगळे मिळून दाबतात आणि ती वर फेकते. उंचावर बक्षीस टांगलेलं. माझा हात चार वीत खाली राहिला.

सातपुड्याचा
इथे सगळे लांबून बोलताहेत. आमच्या नंदुरबारकडे देज आहेच, माझ्या लग्नातही दिलं. आजोबा सांगायचे, मुलगी म्हणजे कामाचे दोन हात, ते गेले म्हणून भरपाई. ज्वारी आणि जनावरं होती तोवर त्याचा गळफास झाला नाही. रोख आली आणि सगळं बिघडलं. देजासाठी मुकादमाकडून उचल घेतलेली पोरं आज गुजरातेत ऊस तोडताहेत. आमच्या गावच्या पंचांनी शेवटी आकडा बांधून दिला. लगेच कुणी ऐकलं नाही, आता ऐकतात.

सांगलीकर, एकच सांगा. त्या लग्नात म्हैस खरी होती की कागदावर?

सांगलीकर_परदेशी
आज विचारलं. यादी झाली तेव्हा म्हशीपुढे रिंगिटमधला (इथल्या चलनातला) आकडा लिहिला होता. रांजण दोन खरे, बाकी तापाई प्लॅस्टिकच्या पिंपात. पैसे नवऱ्याने पगारावर कर्ज काढून भरले. ते बँकेचे हप्ते, मामाकडे जायचं निमित्त नव्हे. एवढं मला आधी सुचलं नव्हतं.

अनघाताई, नवरी इथेच शहरात एका दुकानात कामाला असते. ड्रायव्हर म्हणतो, ती बोलेल, पण त्याच्यासमोर नाही.

अनघा_क
मग त्याला गाडीतच बसवा.