अप्पांच्या कॉम्प्युटरमधलं सगळं एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्यायचंय, सीपीयू टक टक वाजतोय, कशी सुरुवात करू?

परळची_लेक (शुक्रवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी, जरा घाईचं आहे पण थोडं मागचं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आमचे अप्पा गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ३१ वर्षांचे, पदरात दोन पोरं, आणि त्यानंतर गिरणीचा भोंगा त्यांच्यासाठी परत वाजलाच नाही. पुढे एका छापखान्यात लागले, तिथे श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर टायपिंग शिकले आणि २००६ पासून रोज दुपारी जेवण झालं की कॉम्प्युटरसमोर बसून त्या काळातल्या माणसांच्या आठवणी टाईप करतात. खानावळवाल्या बाया, गावकीच्या खोल्या जिथे माणसं पाळीपाळीने झोपायची, भजनी मंडळं, संपानंतर कोण कोकणात परत गेलं, कोण भाजीची गाडी लावून बसलं. त्याच्याआधी टेप रेकॉर्डर घेऊन लोकांच्या घरी जाऊन बोलणं रेकॉर्ड करायचे, अशा ३४ कॅसेट होत्या. भावाने त्या कॉम्प्युटरवर घेतल्या आणि बरं झालं घेतल्या, कारण नंतर एका पावसाळ्यात मूळ कॅसेटना बुरशी लागून सगळ्या टाकाव्या लागल्या. म्हणजे आता जे काय आहे ते त्या एका मशीनमध्येच आहे, एकूण १८० जीबीच्या आसपास, त्यात जुन्या फोटोंचे स्कॅनही आले.

तर मशीन २०११ चं, विंडोज ७. गेल्या आठवड्यापासून सुरू केलं की टक टक टक आवाज येतो, मग थांबतो, मग चालू होतं. काल लॅमिंग्टन रोडवरून २ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली. ऑफिसच्या लॅपटॉपला लावून बघितली तर १.८१ टीबीच दाखवतेय, फसवलं का दुकानदाराने? भाऊ म्हणतो सगळं सिलेक्ट करून कट-पेस्ट मार नव्या डिस्कवर आणि जुनं मशीन भंगारात देऊन टाकू. मला का कोण जाणे भीती वाटतेय. कॉपी-पेस्ट करू की एखादं बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकू त्याच्यावर?

डोंबिवली_हार्डवेअर (शुक्रवार, रात्री १०:५८)

ताई आधी तो सीपीयू बंद करा आणि सध्या बंदच राहू द्या. टक टक म्हणजे हार्ड डिस्कच्या आतलं वाचणारं हेड डेटा शोधायला जातंय, सापडत नाहीये म्हणून परत जागेवर येतंय आणि पुन्हा जातंय. असं जितका वेळ चालेल तितकी आतली तबकडी खराब व्हायची शक्यता वाढते. त्या मशीनवर आता कुठलंही सॉफ्टवेअर टाकू नका, विंडोजने डिस्क चेक करू का विचारलं तर नको म्हणा, डीफ्रॅग (डिस्कवरच्या फाइलची आवराआवर) नको, अँटीव्हायरसचं फुल स्कॅन तर अजिबातच नको. ही सगळी कामं म्हणजे आजारी माणसाला जिने चढायला लावण्यासारखं आहे. नेटवर कोणी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा म्हणून सांगेल तेही ऐकू नका, बाहेर काढली की आत दमटपणा धरतो आणि होतं नव्हतं ते जातं.

कट-पेस्ट तर चुकूनही नाही, भावाला हे दाखवा. कट मारलं की फाइल तिकडे गेल्यावर इकडची पुसायला घेतो, म्हणजे मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहायचं काम वाढवलं. आणि समजा नीट झालं, तरी तुमच्याकडे राहिलं काय? एकच प्रत, जागा फक्त बदलली. त्याला बॅकअप म्हणत नाहीत. माझ्याकडे दुकानात महिन्याला चारपाच जण येतात, "बॅकअपची डिस्क पडली हो, आता बाकी कुठेच नाही" म्हणत, पोरांच्या बारशापासूनचे फोटो त्यात. एक्स्टर्नल डिस्क पण डिस्कच असते, ती पण एक दिवस जाणार, टेबलावरून खाली पडली तर त्याच दिवशी.

आता करायचं काय ते सांगतो. सीपीयूचं झाकण उघडून जुनी डिस्क बाहेर काढायची (दोन केबल आणि चार स्क्रू, पण जमत नसेल तर ओळखीच्या माणसाकडून करून घ्या), आणि साटा टू यूएसबी डॉकने (सुटी डिस्क यूएसबीला जोडायचा स्टँड) चांगल्या लॅपटॉपला लावायची. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही, त्या डॉकला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, घेताना बघून घ्या. मग फक्त कॉपी, आणि क्रम ठरवून कॉपी. जगात दुसरीकडे कुठेच नाही ते पहिलं. म्हणजे आधी अप्पांनी टाईप केलेलं, ते एमबीत असेल, दोन मिनिटात येईल. मग कॅसेटचं रेकॉर्डिंग. मग फोटो. सिनेमे गाणी असतील तर ती राहू द्या. एखाद्या फाइलवर अडकलं तर तिथेच झुंजत बसू नका, स्किप करून पुढे जा, अडलेल्या फाइल शेवटी बघू. त्यासाठी लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू चालवता येतं, ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि खराब जागांवर नंतर परत परत येतं.

डॉक लावल्यावर डिस्क दिसलीच नाही तर मात्र थांबा. मग ते घरी करायचं काम नाही, डेटा रिकव्हरीवाल्यांकडे धूळ नसलेल्या खास खोलीत उघडावी लागते, खर्च बराच येतो.

१.८१ बरोबर आहे, दुकानदाराने फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून १ टीबीची ९३१ जीबी दिसते आणि २ ची १.८१. फसवणूक असते ती ऑनलाइन हजार दीड हजारात १६ टीबी मिळते तिथे, आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि ते भरलं की पुढचं सगळं हवेत जातं.

परळची_लेक (शुक्रवार, रात्री ११:१५)

बंद केला. अप्पा विचारत होते का बंद केलास, त्यांना सांगितलं. काही बोलले नाहीत, कीबोर्डवर रुमाल टाकला आणि उठले.

कुर्ला_पश्चिम (शनिवार, सकाळी ७:२०)

डोंबिवलीकरांनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त एक भर घालतो कारण मी ते भोगलंय. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिमी पडला त्या दिवशी, आणि मिठीचं पाणी आमच्या कुर्ल्याच्या तळमजल्याच्या घरात संध्याकाळी शिरलं ते छातीपर्यंत. मी तेव्हा लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचो. मी निष्काळजी नव्हतो हो, बॅकअप होता माझ्याकडे. सगळ्याच्या डबल सीडी काढलेल्या आणि एक एक्स्टर्नल डिस्क, पण ठेवलेली कुठे तर त्याच टेबलाच्या खालच्या खणात. मशीन, सीडी, डिस्क सगळं एकाच पाण्यात. चिखल काढताना सीडीचा वरचा चकाकता थर हाताला चिकटून निघत होता. सात कुटुंबांना मी आजतागायत त्यांचं लग्न देऊ शकलेलो नाही, त्यातल्या एका घरातले आजोबा त्या व्हिडिओशिवाय दुसऱ्या कुठल्याच व्हिडिओत नव्हते.

म्हणून ताई, एक डिस्क पुरत नाही, दोन घ्या आणि दुसरी घरात ठेवू नका. बहिणीकडे, आत्याकडे, मावशीकडे, लांबच्या उपनगरात, आणि शक्यतो तळमजल्यावर नको. पीटर क्रोग म्हणून अमेरिकन फोटोग्राफर आहेत त्यांनी ३-२-१ असा हिशोब रूढ केला, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. फोटोग्राफरलाच हे सुचावं यात नवल नाही, आमच्या धंद्यात एकदा गेलेला क्षण परत लावून शूट करता येत नाही. आणि तुमच्या अप्पांच्या कॅसेटमधली किती माणसं आज हयात असतील?

हसतमुख (शनिवार, सकाळी ९:०५)

एवढं कशाला, गुगल ड्राइव्हवर टाका ना सरळ.

डोंबिवली_हार्डवेअर (शनिवार, सकाळी ९:३०)

टाका ना, तिसरी प्रत म्हणून उत्तम. पण फुकटात १५ जीबी मिळतात, त्यातच जीमेल आणि फोटो, आणि ३४ कॅसेट तासातासाच्या धरल्या नि वेव्ह फाइल (आवाज न दाबता ठेवलेल्या, मोठ्या) असतील तर तेच २१-२२ जीबी होतात. टाईप केलेलं सगळं मात्र आरामात बसेल, ते आजच टाका.

अक्षरजुळणी (शनिवार, दुपारी १:४५)

ताई, श्रीलिपी म्हणालात म्हणून धावत आले. मी गिरगावात २२ वर्षं डीटीपी करतेय. कॉपी करताना एक गोष्ट हमखास राहते आणि वर्षभराने डोळ्यात पाणी येतं. अप्पांनी युनिकोडमध्ये, म्हणजे आता मोबाईलवर सगळीकडे चालतं त्या पद्धतीत, टाईप केलेलं नसणार, जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये असणार. म्हणजे फाइलमध्ये खरं तर मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत, त्यांच्यावर मराठी रूप चढवतो तो फॉन्ट. तुम्ही फाइल घेतली आणि फॉन्ट जुन्या मशीनबरोबर भंगारात गेला तर नव्या लॅपटॉपवर उघडल्यावर पानभर नुसता कचरा दिसेल, फाइल धडधाकट असून वाचता येणार नाही.

तर सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्याच्या आत फॉन्ट्स, ते आख्खं फोल्डर कॉपी करा. डॉक्युमेंट्सचं फोल्डर उचललं तर हे त्यात येत नाही. डेस्कटॉपवर ठेवलेलं पण वेगळं बघा, ही माणसं निम्मं काम डेस्कटॉपवरच सेव्ह करतात, माझे वडील तसेच. सीपीयूच्या मागे श्रीलिपीचा डोंगल, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालायला लागणारी किल्ली, लावलेला असेल, छोटासा, पेन ड्राइव्हसारखा, तो आधी काढून जपून ठेवा. सगळं हाताशी आलं की प्रत्येक लेखाची पीडीएफ करा, फॉन्ट आत एम्बेड करून, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर दिसेल. आणि सावकाश युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा, जोडाक्षरं आणि रफार तपासत, कन्व्हर्टर तिथेच मार खातो. मूळ फाइल पुसू नका, ती राहू द्या.

अंधेरी_अकाउंट्स (शनिवार, संध्याकाळी ६:१०)

माझं एक राहिलं ते सांगतो. बॅकअप झाला की डिस्क इजेक्ट करून वायर काढून कपाटात. लावून ठेवू नका. मे २०१७ ला वॉनाक्राय व्हायरस आला तेव्हा मी ज्या ऑफिसात होतो तिथे आम्हाला लागण झाली, फाइल लॉक आणि पैसे मागतायत, आणि रोज आपोआप बॅकअप घेणारी डिस्क मशीनला कायम जोडलेली, त्यामुळे तीही लॉक. एका क्लार्क मॅडमनी स्वतःच्या सवयीने दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर टॅलीचा डेटा घेऊन ती कुलपात ठेवलेली, त्या एका डिस्कवर आमची बॅलन्स शीट उभी राहिली.

घरी आता दोन डिस्क आहेत, एक आमच्याकडे, एक सासऱ्यांकडे वसईला. आई संकष्टीचा उपास धरते, महिन्यातून एकदा हमखास येते, म्हणून बॅकअप संकष्टीला. मोबाईलचा रिमाइंडर मी बंद करून टाकायचो, आई सोडत नाही. पावसाळ्यात डिस्क झिप पाऊचमध्ये सिलिका जेलची पुडी टाकून ठेवतो. आणि दर वेळी तीनचार फाइल उघडून, ऐकून बघायच्या. नुसती नावं दिसली म्हणजे आत सगळं आहे असं नसतं.

परळची_लेक (मंगळवार, रात्री १२:१०)

सगळ्यांना सांगायचंच होतं. रविवारी भावाच्या मित्राने डिस्क काढून डॉकला लावली. पहिल्यांदा दिसली नाही, माझे हातपाय गार. बंद करून पाच मिनिटांनी परत लावली तर आली. क्रमानेच घेतलं, आधी लेखन, डेस्कटॉपवर खरंच १४० फाइल होत्या त्या धरून, मग फॉन्टचं फोल्डर, मग कॅसेट. कॅसेटच्या ३ फाइल अडकल्या, त्या सोडून पुढे गेलो. मग रात्रभर डीडीरेस्क्यू लावून ठेवलं, दोन पूर्ण आल्या, तिसरी ४१ मिनिटांपर्यंत येते आणि पुढे नुसती खरखर. भावाने कट-पेस्टचं परत नाव काढलं नाही, उलट तोच दुसरी डिस्क घेऊन आला, ती या रविवारी आत्याकडे बदलापूरला जाईल, चौथ्या मजल्यावर.

अंधेरीवाल्या दादांनी सांगितलं म्हणून तीनचार फाइल ऐकायला बसलो. अप्पांनी हेडफोन लावून नेमकी ती ४१ मिनिटांवालीच लावली. खानावळवाल्या एक मावशी होत्या, आईची मैत्रीण, २००९ ला गेल्या. त्या बोलतायत आणि मागे भाकऱ्या थापल्याचा आवाज येतोय, बोलता बोलता हात थांबवला नव्हता त्यांनी. अप्पांनी थोडं ऐकलं, हेडफोन काढला आणि आईच्या कानाला लावला.

अक्षरजुळणी ताई, फॉन्ट मिळाले पण डोंगल मागे लावलेला नाहीये. अप्पा म्हणतात कुठेतरी डब्यात ठेवलाय, डबे शोधतेय. डोंगलशिवाय नुसत्या फॉन्टवर पीडीएफ होतील का?