‘फुरिकाएरी’ला मराठीत काय म्हणावं?

मागच्या महिन्यात ऑफिसच्या गटाबरोबर तोक्योतल्या दोन-तीन सॉफ्टवेअर कंपन्या पाहून आलो. ॲजाइल (छोट्या टप्प्यांत, सुधारत सुधारत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत) तिथे रोजच्या कामात कसं मुरलंय ते बघायचं होतं. आता टिपणं मराठीत लिहितोय आणि एका शब्दापाशी अडलोय. कामाचा एक टप्पा संपला की काय जमलं, काय अडलं ते बोलायच्या ज्या बैठकीला आपण ‘रेट्रो’ म्हणतो, तिला ते ‘फुरिकाएरी’ म्हणतात. ‘फुरिकाएरु’ म्हणजे मान वळवून मागे बघणं. एका ठिकाणी आम्ही त्या बैठकीला बसलो. फळ्यावर तीन रकाने: चालू ठेवू, अडलं, करून बघू. पहिली १० मिनिटं कुणी बोललं नाही, सगळे चिठ्ठ्या लिहीत होते. मग सगळ्यांत ज्येष्ठ बाई उठल्या आणि ‘अडलं’खाली पहिली चिठ्ठी त्यांनीच डकवली.
‘आढावा’ लिहू का?

— आढावा नको हो. आढावा साहेब घेतात, आपण देतो. नुसता शब्द ऐकूनच माणूस फाइल शोधायला लागतो.

— जपानीतही हाच पेच आहे. तिथे ‘हान्सेइकाइ’ असा एक शब्द आहे. शाळेतला कार्यक्रम पार पडल्यावरही अशी सभा भरते. ‘हान्सेइ’ म्हणजे आत्मपरीक्षण, पण त्यात चूक कबूल करणं आलंच. तो वास नको म्हणून ही मंडळी ‘फुरिकाएरी’ म्हणतात, आणि बऱ्याचदा कांजी (चिनी चित्राक्षरं) टाळून साध्या हिरागाना या उच्चारलिपीत लिहितात. एकीत मान खाली जाते, दुसरीत मागे वळते.

— मग ‘सिंहावलोकन’ आयतंच आहे की! सिंह चालता चालता मान वळवून मागे बघतो, तेच.

— व्युत्पत्ती चपखल, वापर नाही. सिंहावलोकन संस्थांच्या रौप्यमहोत्सवी अंकात असतं. लॉगिनचं बटण मंगळवारी का चाललं नाही, याचं कसलं सिंहावलोकन?

— सरळ ‘रेट्रो’ लिहा. जपानी लोकही ‘ॲजाइल’, ‘स्प्रिंट’ (कामाचा छोटा टप्पा) हे शब्द काताकानात, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या लिपीत, जसेच्या तसे ठेवतात. ‘स्क्रम’ या ॲजाइलमधल्या पद्धतीच्या नावाची तर गंमतच. रग्बीतला हा शब्द १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या दोघा जपान्यांनी इंग्रजी लेखात वस्तूविकासाला लावला, अमेरिकेतल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तो उचलला, आणि आता जपान तो त्यांच्याकडून शिकतंय.

— (मूळ प्रश्नकर्ता) खरंय. पण रोजच्या उभ्या बैठकीला ते ‘आसाकाइ’ म्हणतात: ‘आसा’ सकाळ, ‘काइ’ सभा. कामं फळ्यावर मांडायच्या पद्धतीचं नाव ‘कानबान’, म्हणजे तर दुकानावरची पाटी. घरातला शब्द हाताशी असला की तोच वापरतात. ‘मागोवा’ कसा वाटतो?

— कानाला गोड, पण त्यात ‘माग’ आहे. माग चोराचा काढतात! पुन्हा ‘कुणी केलं?’वरच आलो.

— एवढं खणू नका. ‘गेल्या वर्षाचा मागोवा’ वाचताना चोर कुणाला आठवतो?

— (मूळ प्रश्नकर्ता) टिपणात आधी ‘फुरिकाएरी’, कंसात ‘मागोवा’ असं लिहितोय. ‘आसाकाइ’ला मात्र ‘सकाळची उभी बैठक’. चालेल ना?