किनाऱ्यावर आलेलं कासव आम्ही परत समुद्रात सोडलं. काय चुकलं?

मृणाल_वर्सोवा:
रोज पहाटे किनाऱ्यावर चालायला जाते. गेल्या रविवारी भरती ओसरल्यावर पुळणीत एक ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव दिसलं, मोठ्या परातीएवढं. पुढच्या उजव्या पायात निळ्या नायलॉनचा फास इतका रुतलेला की दोन्ही बाजूंनी मांस फुगून वर आलं होतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते बघून माझा धीरच सुटला. आम्ही चौघांनी फास कापून काढला, कासव उचललं आणि कमरेएवढ्या पाण्यात नेऊन सोडलं. मंगळवारी तेच कासव थोडं पुढे मरून पडलेलं. पायावरच्या वळावरून ओळखलं. तेव्हापासून मन लागत नाही. आमच्या हातून काय चुकलं, स्पष्ट सांगा.

सागर_डहाणू:
ताई, स्पष्टच सांगतो. पाण्यात सोडायला नको होतं. समुद्री कासवाला फुप्फुसं असतात, श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. अंगात त्राण नसलेलं कासव पाण्यातही बुडून मरतं. पिल्लं आणि अंडी घालायला आलेली मादी सोडली, तर धडधाकट कासव किनाऱ्यावर येत नाही. पावसाळ्यात वाहून येतात ती बहुतेक जाळ्यात जखमी झालेली किंवा पार थकलेली असतात.

आमच्या डहाणूच्या उपचार केंद्रात मी मदतीला जातो. काही कासवं तरंगतच राहतात, बुडीच मारता येत नाही, कारण फुप्फुसाला संसर्ग असतो किंवा पोटात वायू धरलेला असतो. अशांना महिनोन्‌महिने टाकीत ठेवावं लागतं. फासाने पायाचा रक्तपुरवठा तुटला असेल तर पाय काढावा लागतो. तीन पायांवर पोहायला शिकलेलं कासव बघितलंय मी.

पुन्हा दिसलं तर आधी वन विभागाच्या 1926 वर फोन करा. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. खायला-प्यायला काही देऊ नका, नळाच्या पाण्याच्या टबात तर अजिबात ठेवू नका. उचलायचंच झालं तर कवचाला दोन्ही बाजूंनी धरून, पायांना धरून कधीच नाही. लोंबणारं जाळं कापा, पण मांसात रुतलेला दोर डॉक्टरांसाठी ठेवा. कुत्री आणि सेल्फीवाले लांब ठेवणं हे सगळ्यात जड काम आहे.

आणि ते डोळ्यांतलं पाणी म्हणजे रडणं नव्हे. शरीरातलं जास्तीचं मीठ ते तसं बाहेर टाकतं.

मढचा_नाखवा:
ताई, तुम्ही जीव लावलात, मनाला लावून घेऊ नका. आमच्यात कासव म्हणजे देव, देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं असतंच ना. जाळ्यात आलं की हळद-कुंकू लावून सोडायची जुनी रीत. पण जाळं कापायचं म्हणजे हजारोंचं नुकसान, म्हणून पूर्वी काही जण कचरायचे. डिसेंबर 2018 पासून सरकार कापलेल्या जाळ्याची 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. कासव सोडतानाचे फोटो काढावे लागतात. मला एकदा मिळाली, उशिरा मिळाली पण मिळाली. तुमचा तो निळा दोर मात्र बहुतेक कुणीतरी फेकून दिलेल्या जाळ्याचा. फाटकं जाळं बंदरात परत आणायचं सोडून समुद्रात टाकणाऱ्यांवर मी ओरडतो, आणि ओरडत राहणार.

मृणाल_वर्सोवा:
दादा, सागर, वाचताना रडू आलं, पण बरं वाटलं. याच किनाऱ्यावर मार्च 2018 मध्ये ऑलिव्ह रिडलेची पिल्लं पाण्याकडे जाताना दिसली होती. लोकांनी इथला कचरा उचलायला घेतल्याला तेव्हा अडीच वर्षं होत आली होती. म्हणूनच जास्त लागलं. आज जीवरक्षकांना आणि चहावाल्या मावशींना 1926 लिहून दिलाय. मावशी म्हणाल्या, फडकं मी ठेवते टपरीत. जुनी सुती साडी चालेल ना?

सागर_डहाणू:
उत्तम. फक्त समुद्राच्याच पाण्यात भिजवा.