रिकी हेंडरसन गेला... जुन्या ए'ज (ओकलंड अ‍ॅथलेटिक्स) फॅन लोकांनी जरा समजावून सांगा ना

फ्रीमाँटकर

मंडळी, मी बे एरियात २०१७ पासून आहे. बेसबॉलशी संबंध म्हणजे ऑफिसच्या ग्रुपबरोबर दोनदा सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची मॅच बघितली, गार्लिक फ्राईज खाल्ल्या आणि थंडीने कुडकुडत घरी आलो, बस. पण परवा शनिवारी (२१ डिसेंबर २०२४) ओकलंड ए'जचा जुना बेसबॉलपटू रिकी हेंडरसन गेल्याची बातमी आली आणि आमच्या शेजारचे आजोबा (इथलेच आहेत, सत्तरी पार) गराज उघडून खुर्ची टाकून बसलेले, अंगात हिरवी जर्सी, पाठीवर २४. सप्टेंबरमध्ये टीम ओकलंड सोडून गेली त्या दिवशीही असेच बसले होते. मी सहज काय झालं विचारलं तर म्हणाले, तो आमच्यातलाच पोरगा होता, आणि मग एकदम गप्प.

मग मी रात्री वाचत बसलो. १४०६ बेस चोरले म्हणे, म्हणजे बॉल टाकला जात असताना पळून पुढचा बेस (थांबा) गाठला. आता मला खरं खरं सांगा, हे चोरणं एवढं मोठं का? आपल्याकडे नॉनस्ट्रायकर पुढे सरकला की बोलर त्याला मंकड करतो आणि वर दोन दिवस टीव्हीवर भांडणं होतात, आणि इथे त्याच गोष्टीसाठी ओकलंडच्या अख्ख्या मैदानाला रिकीचं नाव? आजोबांशी जाऊन दोन शब्द बोलायचंय, पण काहीतरी माहिती असल्यासारखं बोलायचंय. नुसतं सॉरी म्हणून परत यायचं नाहीये.

जुनाबे८८

अरे बरं झालं धागा काढलास, मी दोन दिवस कुणाशी बोलू याच विचारात होतो, घरात कुणाला यात काडीचा रस नाही.

मी ८८ साली बर्कलीला मास्टर्ससाठी आलो. खिशात पैसे नाहीत, पण बार्ट (इथली लोकल ट्रेन) थेट ए'जच्या कोलिझियमला जायची, स्टेशनवरून पूल ओलांडला की स्टेडियम, आणि ब्लीचर्सचं तिकीट स्वस्त. ब्लीचर्स म्हणजे पाठ टेकायला काही नसलेले बाक, आपल्या गावच्या कुस्तीच्या मैदानासारखे. आम्ही लेफ्ट फील्डच्या (मैदानाचा डावीकडचा लांबचा भाग) मागे बसायचो आणि रिकी लेफ्ट फील्डलाच उभा, त्यामुळे तो आमचाच. मागून लोक काहीबाही ओरडायचे आणि तो वळून उत्तर द्यायचा, मॅच चालू असताना! मला नियम धड कळत नव्हते पण एवढं कळलं की हा फर्स्ट बेसवर आला की चाळीस हजार माणसं एकदम पुढे सरकून बसतात. बॅटिंगवाल्याकडे कोणी बघायचंच नाही.

८९ ला त्याला जूनमध्ये यांकीजकडून परत आणला आणि टीमच बदलली. टोरांटोविरुद्धच्या सिरीजमध्ये पाच मॅचमध्ये आठ बेस चोरले, एमव्हीपी (सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू) तोच. मग वर्ल्ड सिरीज (फायनल) जायंट्सशी, म्हणजे खाडीच्या या काठाचे विरुद्ध त्या काठाचे. १७ ऑक्टोबरला तिसरी मॅच सुरू व्हायची वाट बघत आम्ही टीव्हीसमोर बसलेलो आणि पाच वाजून चार मिनिटांनी भूकंप. तो मोठा, लोमा प्रिएटाचा. मॅच दहा दिवस पुढे गेली, नंतर आपण ४-० ने जिंकलो पण शहराची अवस्था अशी होती की नाचावंसं वाटलं नाही. मी तेव्हा घरी पत्र लिहिलं होतं त्यात भूकंपाचं एक पान आणि रिकीचं दीड पान होतं, आई चिडली होती.

आणि १ मे १९९१. मी लॅबमध्ये, रेडिओवर बिल किंगची कॉमेंट्री. चोरीचा रेकॉर्ड लू ब्रॉकचा, ९३८. रिकीने थर्ड बेस चोरला, ९३९, तो बेस जमिनीतून उपटून डोक्यावर धरला. ब्रॉक स्वतः हजर, रिकीची आई हजर. आणि मग माईकवर म्हणाला की आज मी सर्वांत महान आहे. यावरून लोकांनी त्याला किती वर्षं धुतला! त्याआधीच्या वाक्यात त्याने ब्रॉकचं कौतुक केलं होतं ते कोणी लक्षात ठेवत नाही. आणि नशीब बघ, त्याच रात्री टेक्सासमध्ये नोलन रायनने ४४ व्या वर्षी सातवी नो-हिटर (समोरच्या टीमला एकही हिट न देता काढलेली मॅच) टाकली, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळीकडे रायन किती सभ्य आणि रिकी किती गर्विष्ठ हेच.

आकडेमोड्या

काकांनी सगळं भारी लिहिलंय, मी फक्त "एवढं मोठं का" त्यावर.

मंकडची तुलना जरा बाजूला ठेव. इथे बेस सोडून पुढे सरकायला परवानगीच आहे, त्याला लीड म्हणतात, आणि पिचर (बॉल टाकणारा) तुला आऊट करायला मध्येच तिकडे बॉल फेकू शकतो. दोन बेसमध्ये ९० फूट. पिचरने बॉल टाकायचा, कॅचरने (आपल्या विकेटकीपरसारखा) पकडून सेकंड बेसला फेकायचा, हा सगळा साधारण सव्वातीन-साडेतीन सेकंदांचा कारभार. तेवढ्यात तू पोचायचं. आणि समोरच्या अख्ख्या टीमला माहितीय की तू पळणार आहेस, ही मजा आहे.

१९८२ ला त्याने एका सीझनमध्ये १३० चोरले (४२ वेळा पकडला पण गेला, तरी थांबला नाही). आत्ता २०२३ पासून बेस मोठे केलेत, पिचरने वळून फेकण्यावर मर्यादा आणलीय, म्हणजे चोरांसाठी सगळी दारं उघडी, तरी २०२३ ला अकूनियाचे ७३ आणि २०२४ ला एली डे ला क्रूझचे ६७. शंभराच्या वर शेवटचा विन्स कोलमन, १९८७. करिअरचं बघायचं तर दुसऱ्या नंबरचा ब्रॉक ९३८, म्हणजे फरकच ४६८ चा, तेवढे चोरणारा माणूससुद्धा आज स्टार समजला जाईल.

पण माझ्या मते खरा आकडा चोरीचा नाहीये, २२९५ आहे. इतके रन कोणीच केलेले नाहीत, टाय कॉबचा रेकॉर्ड होता तो २००१ मध्ये मोडला. पहिला बॅट्समन म्हणून यायचा, इतका वाकून उभा राहायचा की स्ट्राईक झोन (बॉल ज्या चौकटीतून जायला हवा ती) पोस्टाच्या तिकिटाएवढा, पिचर वैतागून वॉक (फुकटात फर्स्ट बेस) द्यायचा, आणि रिकीला वॉक दिला म्हणजे दोन मिनिटांत तो सेकंडवर, कधी थर्डवर. वॉक नाही दिला तर मॅचच्या सुरुवातीलाच होमरन, असे ८१ आहेत, तोही रेकॉर्ड. म्हणजे सेहवागची पहिल्या बॉलची दहशत आणि द्रविडची सोडून देण्याची अक्कल एकाच माणसात. (आता यावर भांडू नका.)

सांगलीची_खोखोपटू

मला बेसबॉल लेकीच्या सॉफ्टबॉलमुळे कळायला लागला, पण रिकीचे व्हिडिओ बघितले आणि मी म्हटलं अरे हा तर सूर मारतोय! आम्ही खो-खोला खांबाजवळ सूर मारायचो, पोल डाईव्ह, त्यात सर एकच सांगायचे की उंच उडू नको, जमिनीला समांतर जा, छाती घासली तरी चालेल. रिकी डोकं पुढे घालून स्लाईड करायचा ते तस्संच. त्याने स्वतः सांगितलंय की विमानाचं एक एकदम मऊ लँडिंग अनुभवलं आणि त्यावरून सुचलं, वरून आपटायचं नाही, खाली खाली येत टेकायचं. मी लेकीला हेच दाखवलं, आता पँटचे गुडघे वाचतात पण टीशर्टची वाट लागते.

आणि तो फक्त फास्ट होता असं म्हणणाऱ्यांनी कधी पळतीच्या खेळाडूला जवळून बघितलेलं नसतं. तो पिचरचा खांदा, टाच, सगळं वाचायचा. आमच्यातही सगळ्यात फास्ट मुली आधी बाद व्हायच्या.

विनोदमूर्ती_एनजे

कोणी हेल्मेटचा किस्सा टाकला नाही अजून? त्याचा टीममेट जॉन ऑलरूड फील्डिंगलाही हेल्मेट घालायचा, तर सिएटलला रिकी त्याला म्हणे, टोरांटोला माझ्याबरोबर असाच एक हेल्मेटवाला होता. ऑलरूड म्हणाला, तो मीच! 😂 आणि दहा लाखांचा चेक बँकेत न टाकता फ्रेम करून भिंतीवर लावला, हिशोबवाले वर्षभर शोधत बसले!!

आकडेमोड्या

हेल्मेटवाला किस्सा खोटा आहे रे. ऑलरूडनेच सांगितलंय की असं काही घडलं नाही, ड्रेसिंग रूममध्ये कोणीतरी गंमत म्हणून सोडलं आणि ते सुटलं गावभर.

जुनाबे८८

हेच मला खुपतं बघ. माणूस गेला आणि सगळीकडे हेल्मेट आणि चेक, जणू सर्कशीतला विदूषक होता. यातला निम्मा माल पेपरवाल्यांनी त्याच्या बोलण्याच्या ढंगावरून रचलेला. स्वतःला "रिकी" म्हणून बोलायचा हे खरं, पत्ते कुटत बसायचा हेही खरं, पगारावरून कुरकुर तर विचारूच नका. पण दुसरी बाजू बघ ना. २००१ ला सीझनच्या शेवटच्या दिवशी सॅन डिएगोला त्याच्याच टीममधल्या टोनी ग्विनची निरोपाची मॅच होती आणि रिकीला ३००० हिट्सना (बॉल मारून बेस गाठणं) एकच कमी. त्याने सांगितलं मी बसतो, आजचा दिवस टोनीचा आहे. टोनीनेच त्याला खेळायला लावलं. पहिल्याच बॉलला हिट. आणि प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेरीच्या) पैशाची वाटणी व्हायची तेव्हा क्लबहाऊसमधल्या कामगारांना पूर्ण हिस्सा द्या म्हणून हाच ओरडायचा, हे त्याच्याबरोबर खेळलेल्या माईक पियाझाने लिहून ठेवलंय.

२००३ नंतर मेजर लीगमध्ये कोणी घेईना तर पंचेचाळिशी गाठली तरी छोट्या छोट्या लीगमध्ये जाऊन खेळला. बसने फिरणाऱ्या टीम्स. त्याला पैशाची गरज होती का? नव्हती. आमच्या आळीत एक आजोबा होते, गुडघे गेले तरी संध्याकाळी विटीदांडूला उभे राहायचे, मला तेच आठवतात.

फ्रीमाँटकर

काका, ताई, सगळ्यांचे आभार, आज सकाळी चहाचा थर्मास घेऊन गेलो आजोबांकडे. मी म्हटलं १ मे १९९१, तर ते म्हणाले तू तेव्हा जन्मला तरी होतास का. मग आत गेले आणि एक खोका घेऊन आले, त्यात ७९ सालापासूनची तिकिटं, अर्धी फाडलेली. जूनमध्ये रिकीचं पदार्पण झालं त्या मॅचचं पण होतं, म्हणाले स्टेडियम रिकामं होतं, मनात आलं तर प्रत्येकाशी हस्तांदोलन करता आलं असतं. यंदा २६ सप्टेंबरला ओकलंडची शेवटची मॅच झाली तेव्हाचंही होतं, त्यात रिकी आणि जुना पिचर डेव्ह स्टुअर्टने सुरुवातीचे मानाचे बॉल टाकले होते. म्हणाले चांगला दिसत होता की रे तेव्हा, आणि तीन महिन्यांत न्यूमोनियाने. बुधवारी नाताळला ६६ चा झाला असता.

एक विचारायचं होतं, पुढच्या वर्षी (२०२५ ला) टीम वेस्ट सॅक्रामेंटोला खेळणार आहे ना, आजोबांना घेऊन गेलो तर चालेल का? का त्यांना वाईट वाटेल?

जुनाबे८८

मला विचारशील तर मी जाणार नाही. टीम वेगासला जायच्या वाटेवर तिथे तात्पुरती टेकलीय, चौदा हजारांचं मायनर (दुय्यम) लीगचं मैदान, त्यांना आपले पैसे कशाला. पण माझं सोड.

सांगलीची_खोखोपटू

त्यांनाच विचार की. आणि तो तिकिटांचा खोका ओलीपासून लांब ठेवायला सांग, गराजमध्ये नको.